मोटर न्यूरॉन डिसीज : एका निदानाची कसोटी

फळ्यावर लिहिता लिहिता शिक्षकाच्या हातातून खडू निसटला, तर त्यात कोणी दखल घ्यावी असे काही नसते. चोपन्न वर्षांच्या एका शिक्षकांची कल्पना करावी. पहिल्या दिवशी निसटलेला खडू ते हसून उचलतात. महिन्याभराने सदऱ्याचे वरचे बटण लावताना उजव्या हाताची बोटे अडखळू लागतात. पुढे कुलपात घातलेली किल्ली फिरत नाही आणि ती डाव्या हाताने फिरवावी लागते. हात दुखत नाही, बधिर होत नाही, त्याला मुंग्या येत नाहीत. ज्या दुखण्यात दुखत नाही त्याची उपेक्षा करणे हा मनुष्यस्वभावच आहे. तेल चोळणे, शेक देणे, शक्तीची औषधे, जीवनसत्त्वांची इंजेक्शने, मानेचा पट्टा असे उपाय एकामागून एक होत राहतात. शेवटी एके दिवशी त्यांच्या पत्नीच्या ध्यानात येते की, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग खोलगट झाला आहे. तेथील मांसच कोणी काढून नेले असावे असा तो दिसतो. एव्हाना आठ-दहा महिने लोटलेले असतात.

हे गुरुजी काल्पनिक आहेत, पण त्यांची हकीकत काल्पनिक नाही. मोटर न्यूरॉन डिसीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगात पहिल्या लक्षणापासून निश्चित निदानापर्यंत सुमारे एक वर्ष जाते, असा देशोदेशींचा अनुभव आहे. ज्या रोगात पहिल्या लक्षणानंतरचे आयुष्य बहुधा दोन ते चार वर्षांचे असते, त्यात एक वर्ष निदानाच्या शोधातच खर्ची पडावे, ही साधी गोष्ट नव्हे. शरीराचा कानाकोपरा दाखविणारी यंत्रे हाताशी असता असे का व्हावे? याचे उत्तर असे की, हा रोग निश्चितपणे दाखवून देणारी एकही चाचणी आज उपलब्ध नाही. त्याचे निदान वैद्याचे डोळे, त्याची बोटे, रबरी हातोडी आणि काळाची साक्ष यांच्या आधाराने करावे लागते. यंत्रे त्याला मदत करतात. निर्णय मात्र त्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

हा निर्णय कसा होतो हे कळण्यासाठी शरीराच्या हालचालींची व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे. हात उचलावा असे मनात आले की, त्या इच्छेचा निरोप दोन टप्प्यांनी स्नायूपर्यंत जातो. पहिल्या टप्प्याच्या चेतापेशी मेंदूच्या पृष्ठभागावर असतात. त्यांचे तंतू मेंदूतून खाली उतरून मज्जारज्जूपर्यंत येतात. चेहरा, जीभ व घसा यांच्यासाठी ते मेंदूच्या देठापाशीच थांबतात. या झाल्या वरच्या प्रेरक पेशी. तेथे दुसऱ्या टप्प्याच्या पेशी तो निरोप हाती घेतात आणि आपल्या लांबलचक तंतूंनी स्नायूपर्यंत पोचवितात. या खालच्या प्रेरक पेशी. पाठीच्या कण्यातून निघून पायाच्या अंगठ्याकडे जाणाऱ्या अशा एका पेशीचा तंतू जवळजवळ एक मीटर लांबीचा असतो.

या दोन पेशींच्या नाशाचे परिणाम परस्परांच्या अगदी उलट असतात. खालची पेशी मेली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू पाट आटलेल्या शेतासारखा सुकतो. तो दुर्बळ होतो, रोडावतो, सैल पडतो. हातोडीच्या ठोक्याला प्रतिसाद देत नाही. मरणपंथाला लागलेल्या पेशी अधूनमधून आपोआप उत्तेजित होतात आणि त्वचेखाली स्नायूंचे बारीक स्फुरण दिसू लागते. वरची पेशी मेली तर मात्र स्नायू सुकत नाही, कारण त्याचे पोषण खालच्या पेशीकडे असते. पण वरच्या पेशीचा अंमल सुटल्यामुळे तो ताठर बनतो आणि हातोडीचा हलका ठोकाही त्याला उसळवितो. तळपाय कडेने खरवडला असता निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो; या स्थितीत तो वर उचलला जातो. १८९६ साली पॅरिसचे वैद्य बाबिन्स्की यांनी हे चिन्ह वैद्यकाच्या नजरेस आणून दिले आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

मोटर न्यूरॉन डिसीजच्या बहुसंख्य रोग्यांत या दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच वेळी मरत असतात. त्यामुळे वैद्यापुढे एक विसंगती उभी राहते. झडलेल्या, स्फुरणाऱ्या स्नायूचा प्रतिक्षेप मंदावलेला असावयास हवा. पण ठोका मारताच तो जोराने उसळतो. सुकलेला हात आणि चेकाळलेला प्रतिक्षेप यांची ही गाठ एकाच अवयवात पडावी, हे या रोगाच्या निदानाचे मर्म होय.

हे मर्म हाती लागण्यास बराच काळ जावा लागला. १८५० साली फ्रान्सचे वैद्य आरां यांनी हळूहळू वाढणाऱ्या स्नायुक्षयाचे वर्णन केले, तेव्हा त्यांना तो स्नायूंचाच रोग वाटला. तीनच वर्षांनी क्रूव्हेल्ये यांनी अशा एका रोग्याच्या शवविच्छेदनात मज्जारज्जूतून पुढच्या बाजूने निघणारी प्रेरक मुळे बारीक झालेली पाहिली आणि दृष्टी स्नायूकडून मज्जारज्जूकडे वळली. पुढचे पाऊल झां-मार्तँ शार्को यांचे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात हजारो वृद्ध व दुर्धर रोगांनी पीडित स्त्रिया वर्षानुवर्षे राहत असत. शार्को त्यांची हयातीतील लक्षणे बारकाईने टिपून ठेवीत आणि मृत्यूनंतर तीच लक्षणे मज्जारज्जूतील विकृतीशी ताडून पाहत. १८६९ साली जोफ्रॉय यांच्या सहकार्याने त्यांनी दाखविले की, या रोगात मज्जारज्जूच्या पुढच्या भागातील पेशी नाहीशा होतात आणि कडेने उतरणारे वरच्या पेशींचे तंतूही नष्ट होऊन तो भाग कठीण बनतो. १८७४ साली त्यांनी या रोगाला दिलेले नाव आजही रूढ आहे : अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. स्नायूंचे पोषण तुटणे आणि मज्जारज्जूच्या कडांचे काठिण्य या दोन्ही गोष्टी त्या नावात आल्या आहेत. अमेरिकेत मात्र हा रोग सामान्य लोकांना माहीत झाला तो लू गेरिग या बेसबॉलपटूच्या नावाने. सलग २१३० सामने खेळलेल्या या बलदंड खेळाडूला १९३९ साली या रोगाचे निदान ऐकावे लागले आणि १९४१ साली त्याचा अंत झाला.

आता कल्पनेतले गुरुजी मज्जाविकारतज्ज्ञापुढे येऊन बसले आहेत असे समजावे. जाणता तज्ज्ञ प्रथम कागदपत्रांकडे पाहत नाही. दुर्बलता कोठे सुरू झाली, कोठे पसरली, किती दिवसांत पसरली, हे तो विचारतो. या रोगाची चाल ठराविक असते : एका जागी सुरुवात, मग शेजारच्या भागात प्रवेश, मग दुसऱ्या बाजूकडे प्रसार, आणि या वाटेवर परत फिरणे नाही. दुर्बलता झपाट्याने येऊन ओसरत असेल, सकाळी कमी आणि संध्याकाळी अधिक होत असेल, किंवा वर्षानुवर्षे जागच्या जागी असेल, तर वैद्याचे मन दुसरीकडे वळले पाहिजे.

सुरुवात सर्वांची हातातच होते असे नाही. कोणाच्या पायातून चालता चालता चप्पल निसटते आणि घरात येईपर्यंत ते कळत नाही. पाऊल उचलणारे स्नायू दुर्बळ झालेले असतात. सुमारे चौथा हिस्सा रोग्यांत, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, पहिला घाव वाणीवर पडतो. बोलणे जडावते, शब्द नाकातून येऊ लागतात, पाण्याचा घोट घेताना ठसका लागतो. असे रोगी आधी घशाच्या डॉक्टरांकडे जातात आणि घसा निर्दोष असल्याचे ऐकून परत येतात. हसू किंवा रडू कारणावाचून येऊन न आवरणे, हेही वरच्या पेशींच्या नाशाचे लक्षण आहे. घरची माणसे ते मनाच्या दुबळेपणात जमा करतात आणि रोगी ते लाजेने सांगत नाही. म्हणून ते विचारावे लागते.

मग परीक्षा. तिची पहिली अट ही की, रोग्याचे कपडे उतरविले पाहिजेत आणि वैद्याने चांगल्या उजेडात काही काळ नुसते पाहत बसले पाहिजे. स्फुरण हे क्षणिक असते. दंड, छाती, पाठ, मांडी या ठिकाणी ते दिसेपर्यंत वाट पाहावी लागते. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात सदऱ्याच्या बाहीवरून रक्तदाब मोजून परत पाठविलेल्या रोग्याचे स्फुरण कोणालाच दिसत नाही. जीभ पाहताना ती तोंडातच शांत पडलेली असावी; बाहेर काढलेली जीभ निरोगी माणसाचीही थरथरते. हाताचे निरीक्षण तर फारच बोलके असते. या रोगात अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा आणि अंगठा-तर्जनीमधला स्नायू आधी झडतो, करंगळीकडची बाजू मात्र बराच काळ भरलेली राहते. दोन्ही बाजूंचे मज्जातंतू मज्जारज्जूच्या जवळजवळ एकाच पातळीवरून निघत असताना हा पंक्तिप्रपंच का, हे कोडे पुरते उलगडलेले नाही. पण निदानास तो फार उपयोगी पडतो. गुरुजींच्या पत्नीला दिसलेला खोलगटपणा नेमका हाच होता.

जे बिघडले आहे त्याइतकेच महत्त्व जे शाबूत आहे त्यालाही असते. टाचणीची टोच, कापसाचा स्पर्श, नादकाट्याची थरथर रोग्याला नीट कळते. डोळे सर्व दिशांना फिरतात. मलमूत्राचा ताबा सुटत नाही. हा रोग स्वतंत्र वाटेने जाणाऱ्या संवेदनेला हात लावीत नाही. म्हणून हाताच्या दुर्बलतेबरोबर तेथे बधिरपणाही सापडला, तर वैद्याने या निदानावर शिक्का मारण्याआधी दहा वेळा थांबले पाहिजे.

परीक्षेतील या खुणांना शिस्त लावण्यासाठी तज्ज्ञांनी वेळोवेळी निकष ठरविले. स्पेनमधील एल एस्कोरिआल येथे १९९० साली झालेल्या बैठकीतून निघालेले निकष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत शरीराचे चार विभाग कल्पिले होते : जीभ-घशाचा, मानेचा, छातीचा आणि कमरेचा. वरच्या व खालच्या पेशींच्या नाशाच्या खुणा जितक्या अधिक विभागांत, तितके निदान निश्चित. संशोधनासाठी ही शिस्त आवश्यक होती. पण खाटेजवळ तिची एक अडचण दिसून आली. निकषांची शेवटची पायरी गाठण्यापूर्वीच काही रोगी मरण पावत, आणि त्यांच्या कागदावर ‘संभाव्य’ एवढाच शेरा राही. पुढे जपानमधील आवाजी येथे विद्युत्परीक्षेतील खुणांना हाताने सापडलेल्या खुणांइतकेच मोल देण्यात आले. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे जमलेल्या तज्ज्ञांनी तर निकष फारच सुटसुटीत केले. हालचालीची शक्ती उत्तरोत्तर घटत असली पाहिजे. निदान एका विभागात दोन्ही प्रकारच्या पेशींच्या किंवा निदान दोन विभागांत खालच्या पेशींच्या नाशाच्या खुणा असल्या पाहिजेत. आणि दुसरा कोणताही रोग हे सारे घडवीत नाही याची खात्री झालेली असली पाहिजे.

यंत्रांचे काम येथे सुरू होते. विद्युत्परीक्षेत स्नायूत बारीक सुई घालून त्यातील विजेचे तरंग पाहतात. स्नायू शांत असतानाही तेथे खळबळ दिसली, तर त्याचे मज्जातंतू तुटत आहेत असे कळते. मोठे व लांबलेले तरंग दिसले, तर उरलेल्या पेशींनी मेलेल्या शेजाऱ्यांचे काम उचलले आहे असे कळते. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या पायातही या खुणा सापडल्या, तर रोगाचा पसारा डोळ्यांना दिसतो त्याहून मोठा असल्याचे सिद्ध होते. एम. आर. आय.चे काम वेगळे आहे. त्यात हा रोग बहुधा दिसतच नाही. दुसरा रोग नाही ना, एवढे पाहण्यासाठी तो काढावयाचा असतो. रक्ताच्या तपासण्यांचेही तेच. मरणाऱ्या चेतापेशींतून सुटणारी न्यूरोफिलामेंट नावाची प्रथिने रक्तात वाढलेली आढळतात. पण ती इतर मज्जाविकारांतही वाढतात. त्यांची साक्ष आधाराची आहे, निर्णायक नव्हे.

या निदानाची खरी कसोटी लागते ती सोंगे ओळखण्यात. मोटर न्यूरॉन डिसीजचा वेष घेऊन येणाऱ्या रोगांपैकी काही बरे होणारे आहेत. अशा रोग्याला चुकून असाध्य ठरविणे, यासारखा दुसरा प्रमाद नाही.

यांपैकी सर्वांत जास्त भेटणारे सोंग मानेचे. मानेच्या मणक्यांची झीज होऊन मज्जारज्जूवर दाब आला, तर दाबाच्या जागी खालच्या पेशी दुखावतात आणि हात सुकतात. त्याच जागेतून खाली जाणारे वरच्या पेशींचे तंतू दबतात आणि पाय ताठरतात. हुबेहूब तेच चित्र! शस्त्रक्रियेने हा दाब दूर करता येतो, म्हणून तो ओळखलाच पाहिजे. पण चूक उलट दिशेनेही होते. पन्नाशी ओलांडलेल्या कोणाच्याही मानेचा एम. आर. आय. काढला, तरी त्यात थोडीबहुत झीज दिसतेच. ती झीज हेच कारण समजून मानेची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरही हात सुकतच राहिला, असे मोटर न्यूरॉन डिसीजचे अनेक रोगी जगभरच्या तज्ज्ञांनी पाहिले आहेत. येथे एक साधी कृती लाखमोलाची ठरते. रोग्याचा जबडा किंचित उघडा ठेवून हनुवटीवर बोट ठेवावे आणि त्यावर हातोडीचा हलका ठोका द्यावा. जबड्याचा प्रतिक्षेप जोराचा आला, तर बिघाड मानेच्या वर आहे, कारण मानेतला दाब जबड्यापर्यंत पोचू शकत नाही. जिभेच्या स्फुरणाचेही तसेच. क्षणभरात होणारी ही परीक्षा केली नाही, तर रोग्याला वृथा शस्त्रक्रिया सोसावी लागण्याचा संभव असतो.

दुसरे सोंग मज्जातंतूंच्या एका दाहाचे. त्यात मनगट किंवा बोटे लुळी पडतात, संवेदना शाबूत राहते आणि मोटर न्यूरॉन डिसीजचाच संशय येतो. पण विद्युत्परीक्षेत मज्जातंतूच्या मध्येच प्रवाह अडलेला सापडतो, आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले की त्या हातात पुन्हा बळ येते. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी हे त्याचे नाव. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये बोलणे व गिळणे बिघडते. पण श्रमाने वाढणारी आणि विश्रांतीने कमी होणारी दुर्बलता, उतरलेल्या पापण्या व रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे यांवरून तो ओळखू येतो, आणि त्यावर गुणकारी उपचार आहेत. १९६८ साली केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेला एक आनुवंशिक रोग केवळ पुरुषांना पूर्णपणे ग्रासतो. ओठांभोवतीचे स्फुरण, हातांचा कंप, स्तनांची वाढ या त्याच्या खुणा. तो बरा होत नाही, पण त्याची चाल इतकी मंद असते की रोगी दशकानुदशके जगतो.

भारतातील वैद्याला आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. अठरा-वीस वर्षांच्या मुलाचा एकच हात झडू लागला, की घाबरून जाण्याचे कारण नाही. जपानमध्ये १९५९ साली हिरायामा यांनी वर्णन केलेला हा विकार भारतातही वारंवार आढळतो. १९८४ साली बंगळूरच्या गौरी देवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच अवयवापुरत्या राहणाऱ्या अशा स्नायुक्षयाचे तेवीस रोगी नोंदविले. हाताच्या या विकारात मान पुढे वाकविली असता मज्जारज्जू दबतो, असे पुढे दिसून आले. दोन-चार वर्षे वाढून हा विकार बहुधा आपोआप थांबतो. मानेचा पट्टा लवकर बांधला तर थोडक्यावर निभावते. मद्रासच्या मीनाक्षीसुंदरम्, जगन्नाथन् आणि राममूर्ती यांनी १९७० साली दक्षिण भारतातील एका वेगळ्याच प्रकाराकडे लक्ष वेधले. त्यात तरुण वयात सुरुवात होते, चेहरा व घसा दुर्बळ होतो आणि ऐकूही कमी येते. पण रोगाची गती सावकाश असते. विदर्भात लाखोळी आणि उत्तरेकडे खेसरी म्हणून ओळखली जाणारी डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून पोटात गेली, तर पाय ताठरतात. पण तेथे स्नायू झडत नाहीत आणि काही काळाने विकार थबकतो. बालपणी पोलिओ झालेल्या माणसाला उतारवयात नव्याने दुर्बलता आली, तर तीही निराळीच बाब असते. आणि शेवटी ते लोक, ज्यांच्या पोटऱ्या किंवा पापण्या केवळ स्फुरतात. शक्ती कमी नाही, स्नायू झडलेला नाही, विद्युत्परीक्षा निर्दोष आहे, तर ते स्फुरण निरुपद्रवी समजावे. या स्फुरणाने धास्तावणाऱ्यांत वैद्यकाचे विद्यार्थी आणि डॉक्टर यांचा भरणा मोठा असतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

एवढे करूनही पहिल्या भेटीत निर्णय होईलच असे नाही. नुसता एक हात सुकलेला आहे आणि बाकी सर्व ठीक आहे, अशा रोग्याला दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बोलावून तीच परीक्षा करणे, हा कमीपणा नसून शास्त्र आहे. वाढ हे या रोगाचे लक्षण आहे आणि वाढ पाहावयाची तर काळ लागतो. मात्र हे थांबणे डोळस असावे. ‘काही नाही, वयोमानाने होते’ असे सांगून रोग्याला वाटेला लावणे, याला थांबणे म्हणत नाहीत. युरोपात दर वर्षी एक लाख लोकांमागे सुमारे दोन नवे रोगी आढळतात. म्हणजे गावातल्या डॉक्टरला आपल्या उभ्या आयुष्यात असे एक-दोनच रोगी भेटावयाचे. त्याने निदान करावे अशी अपेक्षा नाही. वेदनेवाचून आणि बधिरपणावाचून उत्तरोत्तर वाढणारी दुर्बलता दिसली की रोग्याला तज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे, एवढीच अपेक्षा आहे.

गुरुजींची परीक्षा संपली. उजवा हात झडलेला, डाव्या दंडावर स्फुरण, दोन्ही हातांचे प्रतिक्षेप चेकाळलेले, जबड्याचा ठोका जोराचा, उजव्या पायाचा अंगठा वर जाणारा, संवेदना निर्दोष. विद्युत्परीक्षेत पायांच्या स्नायूंतही तीच खळबळ. मानेत वयोमानाची झीज, पण मज्जारज्जूवर दाब नाही. आता शंकेला जागा उरलेली नाही. आणि येथे मुलगा वडिलांना बाहेर बसवून एकटाच आत येतो : “डॉक्टरसाहेब, बाबांना यातले काही सांगू नका. त्यांना सोसणार नाही.”

या विनवणीत प्रेम आहे, यात शंका नाही. पण तिची किंमत कोण मोजतो हे पाहिले पाहिजे. हा रोग बरा होत नाही हे खरे. पण त्यात करण्याजोगे काहीच नाही हे खरे नाही. रिलुझोल हे औषध १९९५ पासून वापरात आहे. त्याने आयुष्य काही महिन्यांनी वाढते. १९९३ साली शोधल्या गेलेल्या सॉड-१ या जनुकातील दोष ज्यांना आहे, अशा थोड्या रोग्यांसाठी टोफर्सेन या औषधाला अमेरिकेने २०२३ साली मान्यता दिली आहे. झोपेत श्वासाला आधार देणारा मुखवटा तर औषधांहून गुणकारी ठरला आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, ज्यांचे गिळणे-बोलणे फारसे बिघडले नव्हते अशा रोग्यांचे आयुष्य त्याने सुमारे सात महिन्यांनी लांबले आणि ते अधिक सुखाचे झाले. पोटातून अन्ननळी बसवावयाची तर श्वास फार दुर्बळ होण्यापूर्वी बसविणे बरे. या साऱ्या निर्णयांना रोग्याची संमती लागते, आणि ज्याला रोगाचे नावच ठाऊक नाही तो संमती कशाला देणार? शिवाय काही रोग्यांत पुढे विचारशक्ती व स्वभाव यांवरही रोगाची छाया पडते. म्हणून मृत्युपत्र, मुलांची व्यवस्था, अखेरच्या दिवसांत कृत्रिम श्वासाचे यंत्र लावावे की नाही, हे प्रश्न वेळ असतानाच विचारले पाहिजेत.

सत्य सांगण्याचीही एक रीत आहे. ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी, हे निदान या रोगाचे ज्ञान व अनुभव असलेल्या मज्जाविकारतज्ज्ञानेच सांगावे असे म्हटले आहे. चालता चालता किंवा दारात उभ्याने ते सांगू नये. रोग्याला बसवावे, जवळचे माणूस सोबत असू द्यावे, त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे हे आधी विचारावे, तेवढेच सांगावे आणि थोड्या दिवसांनी पुन्हा बोलवावे. आयुष्याची मुदत आकड्यात सांगण्याचा मोह टाळावा. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, एकविसाव्या वर्षी, या रोगाचे निदान सांगण्यात आले तेव्हा त्यांच्यापुढे दोन-एक वर्षेच आहेत असा अंदाज होता. ते २०१८ पर्यंत जगले. असा अपवाद फार विरळा, आणि त्याची आशा कोणाला विकू नये. पण सरासरी ही समुदायाची असते, समोर बसलेल्या माणसाची नसते, एवढे त्यावरून शिकावे.

गुरुजी शिक्षक आहेत. तीस वर्षे त्यांनी आवाजावर पोट भरले. या रोगाच्या वाटेवर बहुतेकांची वाणी केव्हा ना केव्हा जाते. अजून ती शाबूत आहे तोवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर पुढे यंत्राच्या साहाय्याने बोलताना तोच आवाज घरात ऐकू येऊ शकतो. तशी सोय आता झाली आहे. पण त्यासाठी निदान वेळेवर व्हावे लागते आणि ते ज्याचे त्याला कळावे लागते. जीभ जड झाल्यावर ही गोष्ट कितीही खर्च केला तरी साधत नाही.

मुलाची विनवणी ऐकून घेऊन डॉक्टर त्याला एवढेच म्हणतात की, बाबांना काय ऐकावयाचे आहे ते आधी बाबांनाच विचारू. मग ते गुरुजींना आत बोलावतात, दार लावून घेतात आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसतात. बराच वेळ खोलीत कोणी बोलत नाही. शेवटी गुरुजीच विचारतात, “वार्षिक परीक्षा होईपर्यंत शाळेत जाता येईल ना?” डॉक्टर म्हणतात, “येईल. आणि त्यापुढचे काय काय आधी करून ठेवावयाचे, ते आज ठरवू.” वर्षभराच्या भटकंतीनंतर गुरुजींशी कोणीतरी खरे बोललेले असते, आणि कामाला लागण्याइतका वेळ अजून हाताशी असतो.